तरुणांचं शिबिर बंद करण्याआधी



येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीच्या कमिटीची बैठक आहे. विषयपत्रिका नोटीस बोर्डावर लागलीय. चौथा विषय असा: तरुण संघाचं तीन दिवसांचं मुक्कामी शिबिर यंदापासून बंद करून त्याऐवजी हॉलमध्ये एक दिवसाचा कार्यक्रम घेणे. मी कमिटीत नाही. उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस मी, भाषण करणं मला जमत नाही. पण मागच्या शिबिरात ज्याच्या चुकीमुळं एका मुलाचा पाय भाजला तो माणूस मीच आहे. तेव्हा गप्प बसणं बरं दिसत नाही. बैठकीत पाच मिनिटं मिळाली तरी सगळं सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र. संपादकांनी जागा दिली तर आभारी राहीन. आमच्यासारख्या इतर मंडळ्यांतही हाच प्रश्न असणार, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतही मुलं वयात येतच असतात.

आधी माझीच उलटतपासणी. मुलगी नववीत होती तेव्हा तिनं पहिल्यांदा शिबिराला जायचं नाव काढलं. मी नाही म्हटलं. दहावीत पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही. पोरीची जात, रानातला मुक्काम, थंडीचे दिवस, कोण कुठं लक्ष ठेवणार, असली सगळी कारणं माझ्याकडं तयार होती. तिसऱ्या वर्षी ती काहीच बोलली नाही. नुसती ताट उचलून आत गेली. बायको म्हणाली, "एवढी काळजी वाटतेय तर तुम्हीच जा की सोबत." आचाऱ्याच्या हाताखाली एक माणूस कमी होता. असा मी शिबिरात पोचलो. सेवा वगैरे काही मनात नव्हती, पाळत ठेवायला गेलो होतो.

जागा जांबोटी भागातली. बेळगावहून चोर्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं तासाभराची वाट. मंडळीतल्याच एका कुटुंबाच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, भात कापून मोकळं झालेलं. खाली थोड्या अंतरावर मलप्रभा. कणकुंबीला उगम पावते ती हीच, इथं अजून लहान आहे, पण डोह खोल आहेत. जंगल खात्याची जमीन नको, तिथं परवानगी लागते आणि त्या बाजूला अस्वलंही आहेत, म्हणून खासगी रानच घेतलं होतं. मुलींची झोपायची सोय शेतकऱ्याच्या घरात, सोप्यावर आणि आतल्या खोलीत, सोबत पाळकीणबाई आणि दोन बायका. मुलगे बाहेर, मंडपवाल्याकडनं आणलेल्या ताडपत्रीखाली, पिंजर पसरून त्यावर सतरंज्या. एकूण चौतीस मुलं, मोठी माणसं सात. माणशी सहाशे रुपये. ज्यांना जमत नव्हतं त्यांचे पैसे कुणी भरले हे पाळकसाहेबांशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

फोन पहिल्याच संध्याकाळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमा. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तसं तिथं नेटवर्क मिळायला शेताच्या बांधावर एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं, तरीही डबा बंद झाला तेव्हा कुणीतरी वारल्यासारखं वातावरण होतं. आठ वाजता एकेकानं दगडावर उभं राहून घरी बोलायचं, बाकी वेळ फोन नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर पोरं पिंजराच्या गंजीवरनं घसरत होती. सतरा-अठरा वर्षांची पोरं.

आता मुद्द्याचं. आपल्या तरुण संघात मुलं दर रविवारी येतात, बाकावर बसतात, जातात. मला वाटायचं ही सगळी एकमेकांना ओळखतात. तिथं कळलं की ओळखत नाहीत. कारण सोपं आहे आणि सीमाभागातल्या प्रत्येक मंडळीला ते लागू आहे. आपली उपासना मराठीत. मुलांची शाळा कुणाची इंग्रजी, कुणाची कन्नड, थोड्यांची मराठी. इंग्रजी शाळेतली एका बाकावर, कन्नड शाळेतली मागं, मराठी शाळेतली तिसरीकडं. 'उपासना संगीत' हातात असतं, पण निम्म्या मुलांना देवनागरी सरळ वाचता येत नाही. गाण्याचे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून फोनवर ठेवतात आणि ते बघून टिळकांची पदं म्हणतात. मी यावर फार चिडायचो. चिडून काही होत नाही हेही तिथंच कळलं.

शिबिरात गट पाडले ते चिठ्ठ्या टाकून. एक गट पाण्याचा, एक जळणाचा, एक भांड्यांचा, एक झाडलोटीचा. जळणाच्या गटात कन्नड माध्यमातला एक मुलगा होता, मंडळीत कधी तोंड न उघडणारा. पहाटे दव पडून लाकडं ओली झाली होती. माझी आणि आचाऱ्याची फुंकून फुंकून डोळ्यांतनं धार लागली, चूल काही पेटेना. हा पोरगा आला, वरची लाकडं बाजूला केली, आतल्या वाळक्या फांद्या काढून सोलल्या, पिंजराची वेणी घातली आणि दोन काड्यांत जाळ केला. घरी अजून चूल आहे म्हणाला, आई रोज त्यालाच पेटवायला लावते. त्या दिवसापासून इंग्रजी शाळेतली पोरं त्याच्या मागं मागं, "अण्णा, मला दाखव की." हॉलमध्ये त्याला हे दाखवता आलं नसतं. हॉलमध्ये चूल नसते.

दुसऱ्या रात्री शेकोटीभोवती वचन वाचलं. योहानाचा एकविसावा अध्याय, पुनरुत्थानानंतर प्रभू समुद्रकिनारी शिष्यांना भेटतो तो. पाळकसाहेबांनी युक्ती केली. तोच भाग तीन मुलांना तीन शास्त्रांतनं वाचायला दिला, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. एकानं थोडं वाचायचं, मग दुसऱ्यानं तेच. जाळ्यात सापडलेल्या माशांचा आकडा आला तेव्हा मराठीत एकशे त्रेपन्न, मग चूल पेटवणारा तो पोरगा मोठ्यानं "नूर ऐवत्तमूरू", मग इंग्रजीत. सगळी हसली. त्यानंतर शिबिर संपेपर्यंत काहीही मोजायचं झालं, भाकरी असोत की चादरी, उत्तर एकच, नूर ऐवत्तमूरू. माझी मुलगी अजून घरी म्हणते.

मग पाळकसाहेबांनी एक गोष्ट दाखवली, जी मी इतकी वर्षं शास्त्र वाचून मला दिसली नव्हती. त्या किनाऱ्यावर प्रभूनं कोळशाचा विस्तव केला होता, त्यावर मासळी होती. आणि योहानाच्याच अठराव्या अध्यायात, महायाजकाच्या वाड्यात, पेत्र उभा राहून शेकत होता तोही कोळशाचाच विस्तव. एका विस्तवापाशी त्यानं तीनदा नाकारलं, दुसऱ्या विस्तवापाशी त्याला तीनदा विचारलं गेलं. पाळकसाहेब एवढंच बोलले. वीस मिनिटंसुद्धा नाही. मग सगळी निखाऱ्यांकडं बघत बसली. थंडी होती, पाठ गारठलेली आणि तोंड भाजत होतं. पेत्राला काय वाटलं असेल ते समजायला आमच्या हॉलमधली ट्यूबलाइट उपयोगाची नाही, एवढं मी सांगू शकतो.

त्याच रात्रीची ही पुढची गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारून लिहितोय, तो म्हणाला, "लिहा काका, नाव तेवढं नको." जेवणं झाल्यावर मी आणि भांड्यांच्या गटातला एक मुलगा, दोघं कंदिलाच्या उजेडात राखेनं पातेली घासत होतो. बाकीची मंडळी पंधरा-वीस पावलांवर शेकोटीजवळ, सगळ्यांच्या नजरेसमोर. एका मोठ्या माणसानं एका मुलासोबत आडोशाला बसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता आणि तो योग्यच आहे. तर पातेलं घासता घासता, माझ्याकडं न बघता, तो म्हणाला, "काका, मी पहिली पीयूसी नापास झालोय." मी म्हटलं, मग काय झालं, परत बस. तो म्हणाला, "घरी माहीत नाही." एप्रिलात निकाल लागला. घरी पास म्हणून सांगितलं. जूनपासून रोज सकाळी डबा घेऊन, दप्तर घेऊन हा घराबाहेर पडतो आणि किल्ला तलावाच्या काठावर नाहीतर बसस्टँडवर बसून दुपारी परत येतो. सहा महिने. फीचे पैसे खर्च करायची भीती वाटते म्हणून ते तसेच पुस्तकात ठेवलेत. मी विचारलं, आणि कुणाला सांगितलंस? म्हणाला, कुणालाच नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, "तलावाकडं बघून कधीकधी नको ते डोक्यात येतं."

माझा हात थांबला. त्यानं मात्र घासणं थांबवलं नाही. मला काय बोलावं सुचेना आणि ते बरं झालं, नाहीतर मी उपदेश केला असता. मी म्हटलं, हे मी एकट्यानं पोटात ठेवणार नाही, पाळकसाहेबांना सांगू या आपण दोघं मिळून. तो बराच वेळ गप्प होता. मग मान हलवली. त्या रात्रीपासून त्याला एकट्याला सोडलं नाही. परतल्यावर पाळकसाहेब त्याच्यासोबत घरी गेले. पुढं डॉक्टरांकडंही नेलं. घरी पहिले आठ दिवस बरेच वाईट गेले असं ऐकलं. आता तो परत पहिल्या वर्षाला बसलाय, दुसऱ्या कॉलेजात.

मी त्या मुलाला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखतो. दर रविवारी हात मिळवतो, "कसं चाललंय?" विचारतो, तो "बरं चाललंय काका" म्हणतो. त्या सहा महिन्यांतही दर रविवारी हेच चाललं होतं. चोवीस रविवार तरी झाले असतील. त्याला बोलायला पंचविसावा रविवार लागत नव्हता. तीन दिवसांचा सहवास, अंधार, आणि हातात काहीतरी काम लागत होतं.

आता माझी चूक. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई. दुपारचं जेवण लवकर उरकायचं म्हणून भात चढवलेला. भाताचं मोठं पातेलं उतरवून पेज काढायची होती. आचारी दूध आणायला गेला होता. एक मुलगा, पंधरा वर्षांचा, जवळ उभा होता, मी म्हटलं, "धर रे एका बाजूनं." धरायला फडकं ओलं होतं. ओल्या फडक्यातनं चटका लवकर लागतो हे मला, भट्टीजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला, ठाऊक असायलाच हवं होतं. त्याचा हात सुटला, पेज डाव्या पायावर.

पुढची पंधरा-वीस मिनिटं माझी कमी, माझ्या मुलीचीच जास्त. कुणी हळद म्हणत होतं, कुणी टूथपेस्ट घेऊन धावलं. ती ओरडली, "काही लावू नका, पाणी ओता!" शाळेत प्रथमोपचार शिकवले होते म्हणे. त्याचं पायताण काढून तिनं आणि पाण्याच्या गटानं आळीपाळीनं कळशीनं साधं गार पाणी पायावर धरलं, घड्याळ लावून वीस मिनिटं. मग स्वच्छ ओढणी सैल गुंडाळली आणि जीपमधून दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुणी ओतलं? वीस मिनिटं ओतलं म्हटल्यावर म्हणाले, म्हणून वरच्या कातडीवरच निभावलं. तीन आठवड्यांत पाय बरा झाला, डाग राहिलाय. मुलाच्या आईवडिलांनी कमिटीकडं लेखी तक्रार केली. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, चहा मिळाला, तक्रार मात्र त्यांनी मागं घेतली नाही आणि मीही तसं म्हटलं नाही.

पण तक्रारीतनं कमिटीनं काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माझ्या कारखान्यात एकाचं बोट गेलं तेव्हा लेथ विकून टाकलं नाही, गार्ड बसवला. शिबिरालाही गार्ड बसवा. मुलांनी चुलीवरचं पातेलं उचलायचं नाही, उतरवायचं नाही, भाजी चिरा, भाकरी थापा, पण जड आणि गरम ते मोठ्यांचं. नदीवर दिवसाउजेडी, मोठ्या माणसासोबत, जोड्या लावून, आणि मोजूनच वर यायचं. औषधं, दमा, फिट, कशाची अ‍ॅलर्जी, हे सगळं पालकांकडनं आधी लिहून घ्या, आमच्याकडं ते तोंडी होतं. एक गाडी चालकासह कायम उभी. प्रथमोपचार येणारी दोन माणसं, आणि त्यात एक माझी मुलगी असेल तर मला आनंदच. हॉलमध्ये काही होत नाही असं समजू नका, मागच्या वर्षी जिन्यावरनं पडून एका बाईंचा हात मोडला तो हॉलच्याच.

हेही खरं की सगळीच शिबिरं चांगली नसतात. मी माझ्या तरुणपणी एका शिबिराला गेलो होतो, कुठलं ते सांगत नाही. रोज तीन-तीन तासांची तीन भाषणं, शेवटच्या रात्री दिवे मालवून पेटीचे सूर, मुलांना रडवायचं, आणि कितीजणांनी हात वर केले ते मोजून वर कळवायचं. मीही हात वर केला होता. घरी आल्यावर दोन दिवसांत उतरलं, आणि वर फसवल्यासारखं वाटलं ते बरीच वर्षं टिकलं. असलं शिबिर बंद केलंत तर मी टाळ्या वाजवीन. आणि हल्ली रिसॉर्टवर नेतात, एसी खोल्या, स्वीमिंग टँक, रात्री डीजे, त्यालाही शिबिर म्हणतात. तिथं कुणाला पातेलं घासावं लागत नाही, मग कुणी कुणाजवळ बोलायचं कधी?

जुनी उदाहरणं बघायची तर शिबिर ही काही आजची फॅशन नाही. 1885 साली अमेरिकेत वायएमसीएच्या समनर डडली नावाच्या गृहस्थांनी सात मुलगे घेऊन एका तळ्याकाठी तंबू ठोकले, ते शिबिर अजून चालू आहे. 1907 साली बेडन-पॉवेलनी इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, त्यात बड्या शाळांतली श्रीमंतांचीही होती आणि कामकरी घरांतलीही, मुद्दाम एकत्र. स्काउट तिथनं सुरू झालं. आणि आपल्याच मेथॉडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्सनी 1930 साली नैनितालजवळ सातताल इथं आश्रम काढला, तिथं पदव्या बाजूला ठेवून सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचे, स्वतः जोन्ससाहेबही 'ब्रदर स्टॅन्ली', आणि हातानं काम करणं हा रोजच्या दिवसाचा भाग होता. त्याहून जुनं हवं असेल तर लेवीयचा तेविसावा अध्याय उघडा. मांडवांच्या सणात इस्राएलांनी सात दिवस घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहावं अशी आज्ञाच आहे, म्हणजे आपले बापजादे रानात कसे राहिले ते पुढच्या पिढीला कळावं. देवानं तो सण हॉलमध्ये ठेवला नाही. (कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.)

मुलींबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त गळती तिथं होते. चौतिसात मुली अकराच. बाकीच्यांच्या घरी माझ्यासारखे बाप असणार. माझी मुलगी घरात चहा ठेवायला सांगितला तर तोंड वाकडं करते, तीच तिथं वीस मिनिटं घड्याळ धरून मोठ्या माणसांना हुकूम सोडत होती आणि मोठी माणसं ऐकत होती. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला दोन वर्षं येऊ दिलं नाही." एवढंच. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या दोन वर्षांचं काही करता येत नाही. ती आता बारावीला आहे, जूनपासून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाईल. आमच्या मंडळीतली बहुतेक मुलं दहावी-बारावीनंतर जातातच, आणि नाताळाला पाहुण्यासारखी येतात. म्हणजे आपल्या हातात चार-पाच वर्षं असतात. त्यातली दोन मी घालवली.

खर्चाचं म्हणाल तर नाताळाच्या फराळाला घरटी जेवढ्या करंज्या-नानकटाया आपण करतो आणि निम्म्या जानेवारीत मऊ पडून जातात, त्या डबा भरून शिबिराला पाठवा, नाश्त्याचा खर्च वाचतो. मागच्या वर्षी एका शेजारच्या हिंदू घरनं कुंदा आला होता, किलोभर, मुलाच्या मित्राला शिबिराला जायचंय म्हणून. तोही मुलगा आला होता, आईवडिलांच्या परवानगीनं. प्रार्थनेच्या वेळी शांत बसायचा, आणि भाकरी सगळ्यांत गोल त्याचीच.

रविवारी मी बैठकीला बाहेर बाकावर बसेन, बोलावलं तर आत येईन. पाय भाजला होता तो मुलगा परवा रस्त्यात भेटला. डाग दाखवला मला, पँट वर करून, अभिमानानंच जवळजवळ. विचारत होता यंदा तारखा कधीच्या आहेत. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही, आणि तुझ्या घरी काय म्हणतात? म्हणाला, "आई नको म्हणते. पप्पा म्हणतात बघू." मग म्हणाला, "काका, यंदा मला भांड्यांचा गट द्या की, चुलीपासून लांब." आणि खिशातनं शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली, आगाऊ म्हणून. ती मी अजून शास्त्रात घालून ठेवलीय. ठराव काय होतो त्यावर परत करायची की पाळकसाहेबांकडं भरायची ते ठरेल.

— एक पालक, बेळगाव